दोन माड उजवीकडे

बाबलीच्या ठासणीच्या बंदुकीची गोळी डावीकडे जायची. किती डावीकडे, ते महिन्यावर होतं. दसऱ्याला शस्त्रं पुजताना गजाला फडकं गुंडाळून ते नळीत दोनदा आतबाहेर करायचं, वरून खोबरेल सोडायचं आणि झेंडूचं फूल ठेवायचं, एवढीच त्या बंदुकीची वर्षाची साफसफाई. त्यानंतर कार्तिकात गोळी एक माड डावीकडे जायची. मार्गशीर्षात दीड, माघात दोन, आणि शिमग्याला पुरते तीन माड. चैत्रात बंदूक कोणी उचलत नसे, कारण तेव्हा नेम धरायचा तर शेजारच्या गावात जाऊन उभं राहावं लागलं असतं.

माड हे आमचं माप. कसालपासून दीड कोस आत आमची वाडी. बाबलीचा मळा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला, आणि काठावर त्याच्या आज्याने एका रांगेत लावलेले अकरा माड. दोन माडांच्या मधे बरोबर आठ पावलं. रानातून डुकर उतरायचे ते या रांगेतूनच. डुकर दिसला की बाबली एक गुडघा टेकून बसायचा, मी त्याच्या पाठीमागे उभा राहून महिना आठवायचो आणि हळूच सांगायचो, "दोन माड उजवीक." बाबली डुकरापासून उजवीकडचा दुसरा माड बघायचा, त्याच्यावर नेम धरून चाप ओढायचा आणि इकडे डुकर आडवा व्हायचा. पाहुण्यारावळ्यांना वाटायचं की बाबली माडाला मारतो आणि डुकर आवाजाने मरतो.

मांसाचे वाटे घालताना एक वाटा मारणाऱ्याचा, एक बंदुकीचा आणि एक माडाचा. माडाचा वाटा माझा. काम सोपं वाटतं, पण तिथी पाठ असावी लागते. एका साली अधिक महिना आला, आणि अधिक महिन्याचा अर्धा माड धरायचा की नाही यावर आमचं एकमत होईना. भटजींना विचारलं, तर त्यांनी पंचांगात बंदुकीचा उल्लेख नसल्याचं सांगितलं. आम्ही धरला नाही. गोळी शेजारच्या लवूच्या न्हाणीत शिरली आणि पाण्याचं मडकं फुटलं. लवू अंगाला साबण लावून बसलेला. तो तसाच बाहेर आला आणि म्हणाला, "भाई, अर्धो माड धरूक व्हयो होतो." तेव्हापासून धरतो.

आता तुम्ही विचाराल, बंदूक नीट धुवून का काढली नाही. तर ती बंदूक बाबलीच्या आज्याने गोव्यातून आणलेली. कशी आणली ते तो दर वेळी वेगळं सांगायचा, म्हणून मी सांगत नाही. पण मरताना तो सांगून गेला, "बंदुकीक पाणी दाखवू नको." तेव्हा घराण्यात कोणी पाणी दाखवलं नाही. प्रत्येक बाराची काजळी आत बसायची, तिच्यावर दसऱ्याचं तेल, तेलावर पुढच्या सालची काजळी. नळी आतून भरत गेली तशी गोळी बारीक करावी लागली. आज्याची गोळी सुपारीएवढी होती, बापाची जंगली बोराएवढी, आणि बाबली वाटाण्याएवढ्या गोळ्या ओतायचा. आणखी एक पिढी गेली असती तर मोहरी घालून मारावं लागलं असतं.

अठ्ठावन्न सालच्या माघात तालुक्याला नवे साहेब आले. त्यांनी बंदुकांचे परवाने मोजले, मारलेले डुकर मोजले, आणि त्यांचं म्हणणं पडलं की बंदुका जास्त आणि डुकर कमी. सरकारी नियमात होतं की त्यांच्याच मनात आलं ते मला विचारू नका, पण त्यांनी निरोप धाडला. कसालला मैदानात बंदूक घेऊन यायचं. साठ पावलांवर चुना फासलेलं मातीचं बुडकुलं टांगलेलं असेल. तीन बार काढायचे. दोन लागले तर परवाना पुढे चालू, नाहीतर बंदूक तिथेच जमा.

बाबलीचं तोंड उतरलं. तीन वर्षांपूर्वी परवान्याचा कागद कुठेतरी अडकला म्हणून त्याची बंदूक दोन महिने चौकीत पडून होती. त्या दोन महिन्यांत डुकरांनी सगळा मळा उकरून टाकला. व्हाळाच्या पाण्यावर लावलेलं वायंगणाचं भात गेलं, कुळीथ गेले, रताळी तर त्यांनी रांग धरून खाल्ली. त्या साली बाबलीच्या घरात एक वेळची पेज होती. आता पुन्हा वायंगण पोटरीला आलेलं. बंदूक गेली की मळा गेला, यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

बाबली आणि मी मैदान बघून आलो. भात कापलेला सपाट मळा, पाठीमागे चिऱ्यांची उंच गडग, आणि मोठी अडचण अशी की त्या मैदानात एकही माड नव्हता. माघ महिना, दोन माड उजवीकडे, पण बघायचं कशाकडे?

"खांबो रोवया," बाबली म्हणाला.

"साहेब विचारतलो, खांबो कित्याक म्हणान."

"मगे?"

मी विचार केला. दोन माड म्हणजे सोळा पावलं. बघे लोक बाजूला उभे राहणारच. त्यांच्यातलाच एक जण बुडकुल्यापासून सोळा पावलांवर उभा राहिला तर कोण विचारणार?

"मी माड होतंय," मी म्हटलं. "तू माज्या छातयेवर नेम धर. गोळी बुडकुल्याक लागतली."

बाबलीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं कोण करतं? मला मात्र तेव्हा फार मोठं केल्यासारखं वाटलं नाही. बावीस वर्षं मी त्या बंदुकीला ओळखत होतो. ती डावीकडे जाणार म्हणजे जाणार.

हे बोलणं ओट्यावर चाललेलं, आणि आत बाबलीची बायको सुगंधा तांदूळ निवडत होती. सुगंधा रेडी गावची. तिचा बाप जत्रांना दारूकाम पुरवायचा, आणि पालखी निघताना उडवायच्या लोखंडी उखळ्या त्याच्याच घरच्या. ती सूप घेऊन बाहेर आली.

"अवो, ती बंदूक धुवन बघलात काय कधी?"

"बंदुकीक पाणी?" बाबली म्हणाला. "आजो काय सांगान गेलो ता तुका म्हायत नाय?"

"आजो बंदुकीच्या दारूक पाणी दाखवू नको म्हणालो असतलो."

"तू थंय होतंस?"

"तुमी तरी होतात काय?" ती खाली बसली. "आमच्याकडे जत्रा झाली काय माजी आवस पयली उखळ्यांत कढत पाणी वती. तेल मागसून. काजळी तेलान जाणा नाय, ती पाण्यानच जाता. वरसून तेल लावलास तर ती दगडासारखी बसता, आणि दुसऱ्या साली उखळी वाकडी उडता."

"उखळी येगळी, बंदूक येगळी," मी मधे पडलो. "बंदुकीचा येश त्या काजळीत आसता. ता धुवन गेला तर मगे काय रवला?"

"भाईनु," सुगंधा म्हणाली, "येश गेला तर तुमचो वाटो जायत, ह्या सांगा ना सरळ."

वाट्याचं माझ्या मनात नव्हतं असं नाही. सरळ जाणाऱ्या बंदुकीला माड सांगणारा लागत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबली केपा आणायला कसालला गेला. केप म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी तांब्याची टोपी. तो वळणाआड गेल्याबरोबर सुगंधाने न्हाणीच्या चुलीवर हंडा चढवला. मी आलो तेव्हा बंदूक अंगणात पेरवाच्या झाडाला टेकवून उभी होती, आणि सुगंधा नळीच्या तोंडातून कढत पाणी ओतत होती. केप बसवतात त्या बारीक भोकातून काळी धार खाली येत होती. तलाठ्याला सात वर्षं पुरली असती एवढी शाई त्या पेरवाच्या मुळाशी गेली. पहिला हंडा काळा, दुसरा तांबूस. गजाच्या टोकाला तिने नारळाचं सोडण बांधलेलं, आणि ताक घुसळावं तसा गज वरखाली चाललेला. तिसऱ्या हंड्याला म्हणे नळीतून बारीक 'ठो' असा आवाज आला. चौतीस साली एक बार फुसका गेला होता, त्याचा राहिलेला आवाज तो, असं लवू सांगतो. मी तेव्हा लाकडं आणायला गेलेलो, म्हणून शपथ घेत नाही.

पण एक मी डोळ्यांनी बघितलं. पूर्वी गज नळीत घातला की वीतभर बाहेर राहायचा. त्या दिवशी तो चार बोटं जास्त आत गेला. एवढं ओझं ती बंदूक पोटात घेऊन हिंडत होती.

शेवटचं पाणी स्वच्छ आलं, तेव्हा तिने सुकं फडकं फिरवलं, नळी उन्हात तापवली आणि मग तेलाचं बोट लावलेला एक चिंधा आतून ओढला. बाबली आला तो बंदूक बघून थांबलाच. त्याने ती उचलली, तोंडाशी वास घेतला, करंगळी आत घातली. करंगळी आत गेली हेच नवं होतं. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

"खरवडलंस गो. चरे पाडलंस नळयेक."

मीही बोट घालून बघितलं. खरंच आत चरे होते, खोल, बोटाला लागणारे.

"सोडणान लोखंडाक चरे पडतत?" सुगंधा म्हणाली. "तर मगे माजो तवो एव्हाना चाळण झालो असतो."

"मगे ह्ये खंयसून इले?"

"मोजा तरी. सात आसत. सातय सारक्या अंतरार, आणि सातय एकाच अंगाक वळान आत गेलेत. मी खरवडलंय तर ते असे देवळाच्या खांबासारखे इले असते?"

बाबलीने मोजले. सात होते. तिचं म्हणणं असं की ते चरे नव्हतेच, करणाऱ्यानेच पाडलेला तो पीळ होता. गोळी भिंगरीसारखी फिरत बाहेर पडावी आणि सरळ जावी म्हणून काही बंदुकांना असा पीळ असतो, हे तिने बापाकडे आलेल्या एका शिपायाकडून ऐकलं होतं. आज्यानंतर कोणाला तो दिसला नाही, कारण तो काजळीने भरून गेला होता. बाबलीने ऐकून घेतलं, पण पटलं नाही. बायकोने घासून घासून घराण्याची बंदूक फुकट घालवली, एवढंच त्याला दिसत होतं. एक बार काढून बघावं तर दारू उरलेली बरोबर तीन बारांची, आणि ते तीन बार साहेबांचे.

त्यात वाटाण्याएवढी गोळी नळीत टाकली, ती आत गडगडत गेली आणि बंदूक वाकवल्यावर गडगडत बाहेर आली. सुगंधाने जुन्या लुगड्याचे तुकडे कापले, खोबरेलात बुडवले आणि त्यात गोळी गुंडाळून दाखवली. दोनतीन घड्या घातल्यावर ती गजाने दाबत दाबत घट्ट आत जाऊ लागली.

"बाळाक दुपट्यात गुंडाळल्यासारख्या काय ह्या," बाबली म्हणाला.

"पडणा नाय मा? मगे झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कसालला निघालो. बाबलीकडे बंदूक, माझ्याकडे छत्री, आणि सुगंधाकडे फडक्यांचं गाठोडं आणि गोणपाटात गुंडाळलेली कढत पाण्याची किटली.

मैदानात टेबल मांडलेलं. साहेब बसलेले, बाजूला कारकून, आणि टेबलाखाली जमा केलेल्या पाच बंदुका लाकडाच्या मोळीसारख्या रचलेल्या. आमच्या आधी सत्यवान म्हणून पलीकडच्या गावचा एक जण होता. त्याचे तिन्ही बार गडगेत गेले. त्याने बंदूक टेबलावर ठेवली आणि घरच्या वाटेला लागला. त्याची बंदूक सहावी.

बाबलीचं नाव पुकारलं. मी ठरल्याप्रमाणे छत्री उघडून बुडकुल्याच्या बाजूला चालू लागलो. बुडकुल्यापासून उजवीकडे पावलं मोजली. चौदा, पंधरा, सोळा. तिथे उभा राहिलो आणि समोर बघितलं. साठ पावलांवर बाबली बंदूक ठासत होता.

धुतल्याने काही होत नाही, बंदूक डावीकडेच जाणार, हे मी आदल्या दिवसापासून सगळ्या वाडीला सांगत होतो. तसं माझं मतही होतं. पण मत असणं वेगळं आणि त्याच्यासमोर छाती काढून उभं राहणं वेगळं. मला ते सात चरे आठवले. चार बोटं जास्त आत गेलेला गज आठवला. मी छत्री मिटून तिचं टोक मऊ मातीत खुपसलं, दांडीवर माझी टोपी ठेवली आणि सावकाश चालत परत आलो.

"काय भाईनु," सुगंधा म्हणाली, "माड सोडून इलात?"

"ऊन लागता."

"छत्री होती ना तुमच्याकडे?"

बाबलीला मी दिसलो की नाही कोण जाणे. त्याला उजवीकडे काहीतरी उभं दिसलं, ते त्याला पुरे होतं. त्याने गुडघा टेकला, बुडकुलं एकदा बघितलं, मग तोंड उजवीकडे वळवून छत्रीवर नेम धरला आणि चाप ओढला. धूर निवळला तेव्हा बुडकुलं वाऱ्यावर आरामात हलत होतं. छत्रीच्या दांडीचे दोन तुकडे झाले होते. टोपी गडगेच्या पायथ्याशी पडलेली, तिला पुढून एक भोक आणि मागून एक.

"एक चुकला," कारकून म्हणाला आणि लिहिलं.

"छत्री कोणाची होती?" साहेबांनी विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

"तिथे का ठेवली होती?"

"सावलीसाठी, साहेब."

बाबली बराच वेळ छत्रीकडे बघत राहिला. मग तो आमच्याकडे आला.

"भाई, तू थंय उबो असतंस तर?"

"तर आज दोन परवाने रद्द झाले असते. एक तुजो, एक माजो."

सुगंधाने बाबलीच्या हातातून बंदूक घेतली, किटली उघडली आणि नळीत कढत पाणी ओतायला लागली. साहेब खुर्चीतून उठले.

"हे काय चाललंय? ही शिकार आहे की बाळंतिणीची न्हाणी?"

सुगंधाने पदर सावरला आणि शुद्ध बोलायला लागली. "साहेब, एका बाराची काजळी आत बसली आहे. ती काढली नाही तर दुसरी गोळी पहिलीच्या वाटेने जात नाही. दर बाराला नळी सारखीच पाहिजे."

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनाने टाक थांबवला. असलं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून नियमात नाही असंही म्हणता येईना. "लवकर करा," साहेब म्हणाले.

ओलं फडकं, सुकं फडकं, परत सुकं फडकं. केपेच्या भोकात तिने फुंकर घातली, पलीकडच्या तोंडाला तळहात धरून वारा येतो की नाही ते बघितलं. मग दारू, मग लुगड्याच्या तुकड्यात गोळी. बाबलीने गुडघा टेकला आणि माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांची सवय. मी काय सांगणार? मी म्हटलं, "बुडकुल्याक बघ." असा माड मी कधी सांगितला नव्हता.

बार निघाला आणि बुडकुल्याची फक्त दोरी राहिली.

"एक लागला," कारकून म्हणाला. एक शिपाई दुसरं बुडकुलं टांगायला गेला.

आता सगळं तिसऱ्यावर आलं. सुगंधाने किटलीला हात घातला, तर किटली जागेवर नव्हती. साहेबांना तासाभरात कुडाळला पोचायचं होतं, जीपगाडीतलं पाणी आटलेलं, आणि चालकाला जवळच पाण्याची किटली दिसली. तो शेवटचा थेंब गाडीच्या नाकात ओतून किटली परत आणून ठेवत होता.

"अरे, ता बंदुकीचा पाणी," बाबली म्हणाला.

"मला वाटलं चहाचं," चालक म्हणाला.

विहीर मळ्याच्या पलीकडे, जाऊन येईपर्यंत अर्धा तास. साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं देतो. बार काढा, नाहीतर तीनात एक असं लिहितो."

"तसोच मारतंय," बाबली म्हणाला. त्याने दारू घालण्याआधी गोळी गुंडाळून नुसती दाबून बघितली, तर ती नळीच्या तोंडाशीच अडली. आधीच्या बारांना दाबली की सरकलेली गोळी आता वीतभरसुद्धा आत जाईना. एका बाराची काजळी, पण तिने अडवलं. दारू घालून अर्ध्यात अडकली असती तर नळीच फुटली असती. बाबलीने गोळी काढली आणि मान खाली घातली.

सुगंधाने गाठोड्यातलं स्वच्छ फडकं काढून त्याच्यापुढे धरलं. "थुका."

"काय?"

"पाणी नाय तर थुकी. ओला झाला म्हणजे झाला. थुका."

बाबलीने प्रयत्न केला. भीतीने त्याचं तोंड कोरडं ठाक पडलेलं. नुसता आवाज आला. सुगंधा थुंकली, त्याने फडक्याचा एक कोपरा भिजला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

खरं सांगतो, मी क्षणभर थांबलो. ज्या फडक्यात मी थुंकणार होतो, त्यानेच माझा वाटा कायमचा पुसला जाणार होता. तिसरा बार सरळ गेला की माड संपले, आणि पुढे आयुष्यभर मी त्या मळ्यात नुसताच उभा राहणार. पण बाबली माझ्याकडे बघत होता, आणि टेबलाखाली त्या सहा बंदुका मला दिसत होत्या. मी फडकं घेतलं, सगळं तोंडात कोंबलं आणि चावलं. खोबरेल, गंधक आणि सुगंधाच्या हाताचा कांदा, अशी चव. मी सकाळपासून बोलत होतो तरी मला कमी पडलं नाही.

पहिला बोळा नळीतून काळा आला. मी दुसरा चावला. तो राखाडी आला. तिसरा चावताना साहेबांनी तोंड दुसरीकडे वळवलं, पण थांबवलं नाही. तिसरा जवळजवळ पांढरा आला. मग सुकं फडकं दोनदा.

"चार मिनिटं," कारकून म्हणाला.

दारू. लुगड्याचा तुकडा, गोळी. गज आत गेला, आधीसारखाच, त्याच जोराने आणि तेवढाच खोल. बाबलीने आधीच्या बाराला गजावर काजळीने केलेली खूण बघितली आणि मान हलवली. केप बसवली. गुडघा टेकला. या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने सुगंधाकडे बघितलं, मग बुडकुल्याकडे, आणि नजर तिथून हलवली नाही.

बुडकुलं फुटलं.

"दोन लागले," कारकून म्हणाला. साहेबांनी परवान्याचं पुस्तक पुढे ओढलं, शेरा लिहिला, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

"एक सांगा," ते बाबलीला म्हणाले. "पुढचे दोन असे लागले, मग पहिला कसा चुकला?"

"चुकला नाही, साहेब," बाबली म्हणाला. "मी छत्रीवरच नेम धरला होता."

"छत्रीवर? का?"

बाबलीने विचार केला. माड, महिने, आजा, अधिक मास, हे सगळं सांगायला साहेबांकडे वेळ नव्हता.

"सवय," तो म्हणाला.

साहेब जीपमध्ये बसले आणि गाडी आमच्या पाण्यावर कुडाळला निघून गेली. आम्ही मैदानातून बाहेर पडून हमरस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात शिरलो. बाबलीने बंदूक बाकावर आपल्या आणि सुगंधाच्या मधे आडवी ठेवली. परवाना त्याने खिशातून दोनदा काढून बघितला. हॉटेलवाला काय देऊ म्हणून येऊन उभा राहिला.

"तीन च्या," बाबली म्हणाला. "आणि एक तांब्यो नुसता कढत पाणी."

"कढत पाणी कोणाक?"

बाबलीने बंदुकीकडे बोट केलं. "हिका. पयला हिका दी, आमका मागसून दिलंस तरी चलात."